हमिंगबर्ड नाही हो, शिंजीर!

गोष्ट सुरू होते एका व्हिडिओ कॉलवर. मार्च महिना, सकाळचे साडेदहा. मी लोणावळ्याला, तुंगार्लीतल्या आजीच्या बंगल्याच्या व्हरांड्यात. मांडीवर लॅपटॉप, कानात इअरफोन, वर इस्त्रीचा कुर्ता आणि खाली पायजमा. (फ्रीलान्सरचा हा राष्ट्रीय पोशाख आहे, नावं ठेवू नका.) पलीकडे नवीन क्लायंट आणि त्यांची टीम, स्क्रीनवर एकूण सात चौकोन. कुणीतरी 'ब्रँड व्हॉइस' या विषयावर बोलत होतं आणि मी गंभीर चेहऱ्यानं मान हलवत होते.

एवढ्यात कुंपणाच्या लाल-केशरी फुलांवर काहीतरी चमकलं. अंगठ्याएवढं. सावलीत काळं कुळकुळीत, पण उन्हात आलं की निळं, मग जांभळं, मग हिरवट. चोच लांब आणि बाकदार. एक क्षण ते फुलासमोर पंख फडफडवत हवेत चक्क थांबलं. थेट डिस्कव्हरी चॅनलवर दाखवतात तसं!

"हमिंगबर्ड!" मी ओरडले.

माइक चालू होता.

सात चौकोनांत शांतता. मग चॅटमध्ये एकानं टाइप केलं, 'भारतात हमिंगबर्ड नसतात.' आणि खाली एक स्मायली. काम मिळालं, तो प्रश्न नाही. पण त्या ऑफिसात मी आजही 'हमिंगबर्ड मॅडम' आहे.

कॉल संपल्यावर आजीला सांगितलं. ती कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अगं, तो शिंजीर. रोजचाच आहे. तू आज बघितलास, एवढंच."

आता जरा बॅकग्राउंड. पुण्यातला भाड्याचा फ्लॅट सुटला होता आणि नवीन फ्लॅटचा ताबा मिळायला अडीच महिने होते. तोवर मुक्काम पोस्ट आजी. आमच्यासारख्यांना लोणावळा म्हणजे काय? भुशी डॅम, भजी, चिक्की आणि एक्स्प्रेस-वेचा ट्रॅफिक जॅम. लहानपणापासून शेकडो वेळा गेले असेन. पण त्या बंगल्याच्या बागेत सलग दोन तास मी कधी बसले नव्हते. बसले तेव्हा पहिली गोष्ट काय केली? चुकीचं नाव घेतलं.

नात्यानं कोण कुणाचं?

चॅटवाला खवचट होता, पण बरोबर होता. हमिंगबर्डच्या साडेतीनशेहून जास्त जाती आहेत आणि त्या सगळ्या फक्त अमेरिका खंडांत राहतात, अलास्कापासून पार दक्षिण टोकापर्यंत. आपल्याकडे एकही नाही. गंमत म्हणजे, फार पूर्वी ते युरोपात होते. २००४ मध्ये गेराल्ड मायर या जर्मन संशोधकानं दक्षिण जर्मनीत सापडलेल्या हमिंगबर्डच्या जीवाश्मांबद्दल लिहिलं. वय, सुमारे तीन कोटी वर्षं. म्हणजे जुन्या जगात त्यांची एक ब्रँच होती, ती बंद झाली.

त्यांची जागा आपल्याकडे सनबर्डनी घेतली, म्हणजे आपले शिंजीर उर्फ सूर्यपक्षी. आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकापर्यंत पसरलेलं हे खानदान. पक्षी चिमुकला, रंग चमकदार, चोच लांब, जीभ नळीसारखी, काम फुलातला मध ओढायचं. जॉब प्रोफाइल तंतोतंत तेच. पण दोघांचं नातं विचाराल तर लांबचंसुद्धा म्हणवत नाही. शिंजीर हा चिमणी-कावळ्यांच्या गोतावळ्यातला. आणि हमिंगबर्डची सख्खी चुलत भावंडं कोण माहितीये? पाकोळ्या! संध्याकाळी बाजारातल्या इमारतींवरून किलबिलाट करत सुसाट गिरक्या घेणाऱ्या त्या काळपट पाकोळ्या. म्हणजे हमिंगबर्डचे नातेवाईक पाहायला इक्वेडोरला जायची गरज नाही. लोणावळ्यात संध्याकाळी मान वर करा, झालं.

फरक ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे बसण्याची सवय. हमिंगबर्ड सेकंदाला पन्नासेक वेळा (काही जातींत ऐंशीपर्यंत) पंख हलवतो आणि हवेत स्थिर राहून, प्रसंगी मागे-मागे उडत मध पितो. शिंजिराला हवेत थांबता येतं, पण क्षणभर. त्याला फांदी हवी, देठ हवा. फुलाशेजारी बसायचं, वेळप्रसंगी उलटं लटकायचं आणि आरामात प्यायचं. एक कॉफी उभ्यानं गटागटा पिणारा, दुसरा टेबल धरून बसणारा.

आणि हो, कधी अगदी खरोखर हवेत खिळून राहिलेला, भुंग्यासारखा घूं आवाज करणारा 'हमिंगबर्ड' दिसला, तर मिशा आहेत का बघा. मिशा असतील तर तो पक्षीच नाही, तो हॉकमॉथ, म्हणजे पतंग. हे पतंग दिवसाढवळ्या फुलांवर येतात आणि लांबलचक सोंडेनं मध पितात. फॅमिली ग्रुपवर दर पावसाळ्यात 'आमच्या बागेत हमिंगबर्ड!!!' म्हणून जे व्हिडिओ फिरतात, त्यातला हीरो बहुतेकदा हाच असतो. माझ्या मावशीनं पाठवलेल्या व्हिडिओतला तरी हाच होता. मी तो तिला कळवला. तिनं मला म्यूट केलं.

ओळखपरेड

चिडले होते, त्यामुळे अभ्यासाला लागले. मामाची जुनी दुर्बीण काढली, फोनवर ॲप घेतलं आणि पंधरा दिवसांत व्हरांड्यातून हे कळलं.

मी कॉलवर पाहिला तो जांभळा शिंजीर, पर्पल सनबर्ड. वजन साधारण आठ ग्रॅम. दहा रुपयांचं नाणं तळहातावर ठेवून बघा, तेवढंच. नराचा तो झगझगीत रंग म्हणजे रंगद्रव्यापेक्षा पिसांच्या सूक्ष्म रचनेवर खेळणारा उजेड, म्हणून सावलीत तो काळाच दिसतो. विणीचा हंगाम संपला की साहेब हा सूट उतरवतात आणि मादीसारखे पिवळट होतात, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी पट्टी उरते, टाय सैल केल्यासारखी. म्हणजे अप्रेझलपुरते फॉर्मल्स आणि नंतर वर्षभर कॅज्युअल्स! मादी मात्र बारा महिने एकच, वरून मातकट हिरवी, खालून फिकट पिवळी.

दुसरा, पर्पल-रम्प्ड सनबर्ड, ज्याला बरेच जण नुसतंच शिंजीर म्हणतात. त्याचं पोट पिवळंधमक, गळा जांभळा, पाठ तांबूस-तपकिरी. पुण्यात सोसायटीच्या जास्वंदीवर दिसतो तो बहुधा हाच.

आणि तिसरा, ज्याच्यासाठी लोणावळ्याला खास यावं, असा व्हिगर्स सनबर्ड. नराचा गळा आणि छाती लालभडक, त्या लालावर बारीक पिवळ्या रेघा, पोट राखाडी. हा आपल्या सह्याद्रीचा रहिवासी, जगात दुसरीकडे नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या विल्यम हेन्री साइक्स नावाच्या अधिकाऱ्यानं दख्खनच्या पक्ष्यांची यादी केली, त्यात १८३२ मध्ये या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि त्याला नाव दिलं निकोलस व्हिगर्सचं. हे व्हिगर्स आयरिश गृहस्थ, लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीचे पहिले सेक्रेटरी. आपल्या घाटातला पक्षी आणि नाव लंडनच्या सेक्रेटरीचं! हे वाचल्यावर 'हमिंगबर्ड' म्हणून ओरडल्याची लाज थोडी कमी झाली. परकी नावं चिकटवणारी मी पहिली नव्हते.

व्हिगर्स मला दोन महिन्यांत दोनदाच दिसला, तोही घरात नाही, तर मागच्या टेकडीवर, धायटीच्या लाल फुलांवर. दोन्ही वेळा दुर्बीण डोळ्यांना लावेपर्यंत गायब.

चारशे नव्व्याण्णव रुपयांचा धडा

आता पक्षी दिसलाय म्हटल्यावर आपली पिढी काय करते? ऑनलाइन जाते. मी 'हमिंगबर्ड फीडर' मागवला. लाल प्लॅस्टिकची बाटली, खाली पिवळी फुलं, त्यात साखरेचं पाणी भरायचं. चारशे नव्व्याण्णव, फ्री डिलिव्हरी. व्हरांड्यात टांगला.

पहिल्या दिवशी मुंगळे आले. दुसऱ्या दिवशी आणखी मुंगळे आणि मधमाश्या. तिसऱ्या दिवशी उकाड्यानं पाणी आंबलं आणि त्याला असा वास सुटला की माळीकाकांनी माझ्याकडे संशयानं बघितलं. शिंजिरानं एकदा फीडरच्या दांडीवर बसून इकडेतिकडे पाहिलं आणि तो पुन्हा कुंपणावर गेला.

कारण कुंपणावर फुकट, ताजं आणि रोज नवीन मिळत होतं. त्या कुंपणाचं नाव हमेलिया. आजी त्याला 'नळ्यांचं झाड' म्हणते. लाल-केशरी, बारीक नळीसारखी फुलं, जवळजवळ वर्षभर. आणि सगळ्यात भारी गोष्ट ऐका. हमेलिया मूळची अमेरिकेतली. तिकडे तिच्या फुलांवर कोण येतं? हमिंगबर्ड! ते झाड शोभेसाठी इकडे आलं आणि शिंजिरांनी न बिचकता ताब्यात घेतलं. म्हणजे माझ्या चुकीत अगदीच काही तथ्य नव्हतं असं नाही. फूल हमिंगबर्डचंच होतं, गिऱ्हाईक बदललं होतं.

पण नुसतं गोड खाऊन कुणी जगत नाही. शिंजीर कीटक खातो, कोळी खातो, आणि पिल्लांना तर मुख्यतः तेच भरवतो. आजीच्या बागेत हे सगळं होतं, कारण आजीची बाग नीटनेटकी नाही. कोपऱ्यात पालापाचोळा, कुंपणात कोळ्यांची जाळी, कढीपत्त्यावर अळ्या. मामाच्या भाषेत 'जंगल झालंय नुसतं'. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझा गुन्हा

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात व्हरांड्यालगतच्या बोगनवेलीत एक मादी घरटं विणायला लागली. शिंजिरांत हे काम तीच करते. नर जवळपास गात फिरतो, देखरेख केल्याचा आव आणतो. (काही म्हणायचं नाहीये मला.) घरटं म्हणजे फांदीला लटकणारी लांबट थैली. गवत, तंतू, सालीचे तुकडे, अळ्यांची विष्ठा, सुकी पानं, सगळं कोळ्याच्या जाळ्यानं शिवलेलं. बाजूला एक दार आणि दारावर छोटीशी पडवी. लांबून बघाल तर जाळ्यात अडकलेला कचराच वाटतो, आणि त्यातच त्याची सेफ्टी आहे.

मी वेडी झाले. दर अर्ध्या तासानं फोन घेऊन जवळ. अँगल मिळेना म्हणून दोन फांद्या बाजूला केल्या. मग उजेड पडेना म्हणून काही पानं तोडली. चौथ्या दिवशी मस्त फोटो मिळाला, चोचीत जाळ्याचा धागा, मागे धूसर गुलाबी फुलं. पोस्ट केला. दोनशे लाइक्स.

पाचव्या दिवशी मादी आली नाही. सहाव्याही नाही. अर्धवट थैली वाऱ्यावर हलत राहिली. मी आडून आडून आजीला विचारलं, परत येईल ना गं? आजी एरवी कधी लागट बोलत नाही. त्या दिवशी म्हणाली, "बाळंतिणीच्या खोलीत कुणी एवढं डोकावतं का?"

मंडळी, कॉलेजमध्ये आम्हाला पत्रकारितेचे एथिक्स नावाचा पूर्ण पेपर होता. मला त्यात चांगले मार्क होते.

तारेवरची कसरत

सुदैवानं शिंजीर आपल्यासारखे लगेच नाउमेद होत नाहीत. एप्रिलच्या मध्यावर पुन्हा बांधकाम सुरू झालं. तीच मादी होती की दुसरी, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. जागा मात्र अफलातून. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, कपडे वाळत घालायच्या तारेच्या टोकाला, हमेलियाच्या कुंपणापासून दोन हातांवर. शिंजीर माणसांच्या घराला बिनधास्त चिकटून राहतात, हे नंतर वाचलं. आजीनं न बोलता कपडे दुसरीकडे वाळत घालायला सुरुवात केली आणि मला एकच नियम घातला. बघायचं ते खिडकीच्या आतून, दिवा न लावता.

म्हणून आत किती अंडी होती ते मला माहीत नाही. साधारण दोन असतात. मी पाहिली नाहीत. पाहिलं ते एवढंच, की एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मादी आत बसून राहू लागली आणि दारातून फक्त तिची चोच दिसायची. दहा-पंधरा मिनिटं बसायची, भुर्रकन जाऊन दोन-चार फुलं उरकायची, परत. उबवायचं कामही एकटीचं. मी डेडलाइन असताना दर पाच मिनिटांनी फोन बघते. तिच्याकडे बघून फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला शिकले. अधूनमधून.

आणि मग शनिवारी मामा आला. सोबत एक लँडस्केप कॉन्ट्रॅक्टर.

मामाला व्हिलन करू नका, प्लीज. लोणावळ्याचा पाऊस तुम्ही वीकेंडला भिजण्यापुरता बघता. तो बंगला दर वर्षी चार महिने बघतो. छत गळतं, भिंतींना ओल येते, पत्रे बदलावे लागतात, आणि हे सगळं आजीच्या पेन्शनमध्ये बसत नाही. गेली कित्येक वर्षं बिल मामा भरतोय. त्याचा प्लॅन साधा होता. मागचे दोन खोल्यांचे आउटहाउस वीकेंडला भाड्यानं द्यायचं. त्यासाठी बाग 'प्रेझेंटेबल' हवी. कुंपण काढायचं, तिथं पेव्हर ब्लॉक टाकून दोन गाड्यांचं पार्किंग, उरलेल्या जागेत लॉन, कडेनं पाम. पावसाच्या आत सगळं उरकायचं, म्हणून काम सुरू दोन मेला.

मी तोंड उघडलं. घरटं, उबवण, पिल्लं, सगळं सांगितलं. मामा शांतपणे म्हणाला, "एका चिमणीसाठी कॉन्ट्रॅक्टर थांबवू?"

"चिमणी नाही, शिंजीर."

"तेच ते."

मग मी कायदा काढला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी छेडणंही येतं. म्हणजे तार उपटली की मामा शिकारी! हे ऐकून कॉन्ट्रॅक्टर हसला, मामा नाही. त्याचा चेहरा पडला, आणि मला लगेच वाटलं की मी हे बोलायला नको होतं. छताचे पैसे तो देतो आणि मी, जी दोन महिने फुकट राहतेय, ती त्याला कलमं सुनावतेय. शिवाय त्याच महिन्याच्या सुरुवातीला बोगनवेलीत मी काय केलं होतं? त्याच कलमात मीसुद्धा बसत होते की.

कोंडी आजीनं फोडली. चहाचा कप मामापुढे ठेवत म्हणाली, "किती दिवस लागतात त्यांना?"

मी हिशेब सांगितला. अंडी पंधरा-सोळा दिवस, मग पिल्लं साधारण सतरा दिवस. म्हणजे मेचा शेवटचा आठवडा.

"मग लॉन कधी लावतात?" आजीनं कॉन्ट्रॅक्टरला विचारलं.

तो प्रामाणिक निघाला. म्हणाला, "तसं पावसाच्या तोंडावर लावलेलंच चांगलं धरतं, आजी."

"मग पुढची बाजू आधी करा. मागचं जूनच्या पहिल्या तारखेला बघू. आणि तारेला हात लावायचा नाही. माझे कपडे आहेत त्यावर."

तारेवर आजीचा एकही कपडा नव्हता. कुणी काही बोललं नाही.

मे महिना

मेच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी मादी चोचीत मधाऐवजी कोळी घेऊन आली. तेव्हा कळलं की आत कुणीतरी जन्मलंय. दुसऱ्या दिवसापासून नरसुद्धा खेपा घालायला लागला. (मागचे शेरे मी मागे घेते.) काम कसलं होतं, एका तासात मी बावीस खेपा मोजल्या आणि मग माझी मीटिंग होती म्हणून मोजणं थांबलं, त्यांचं नाही. मधल्या वेळेत साहेबांचा दुसरा उद्योग म्हणजे मामाच्या गाडीचा आरसा. आरशातला नर आपला शत्रू समजून तो त्याच्यावर तुटून पडायचा. मामा आला की आधी आरशांना जुने मोजे घालायचा, मग पाणी प्यायचा. मोजे घालायची आयडिया त्याचीच होती, हे मुद्दाम नोंदवते.

बाराएक दिवसांत दारातून दोन चोची दिसायला लागल्या. मी त्यांना नावं ठेवली नाहीत. आजी म्हणाली, ठेवू नकोस.

वीस मेच्या रात्री वळीव आला. लोणावळ्याचा वळीव म्हणजे आधी दारं-खिडक्या आपटणारं वादळ, मग वीज जाणं, मग गारा. मी अंधारात खिडकीशी उभी. विजेच्या उजेडात ती थैली तारेवर पिंजलेल्या कापसासारखी भिरभिरताना दिसायची आणि पुन्हा काळोख. आजी दोनदा उठून आली. काही करता येण्यासारखं नव्हतं. घरटं धरायला जावं तर मादी आत होती.

सकाळी थैली जागेवर होती. कोळ्याच्या जाळ्याची शिवण टिकली होती. दारावरची पडवी ओलीचिंब, पण शाबूत. तारेखाली चिखलात मात्र एक पिल्लू पडलेलं. माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढं. चोच नुकतीच बाक घ्यायला लागली होती. आजीनं ते हमेलियाच्या मुळाशी पुरलं, हात धुतले आणि चहा टाकला. तेवढ्यात मादी चोचीत काहीतरी हिरवं घेऊन आली आणि दारातून एक चोच बाहेर आली. एकच.

ते एक पिल्लू पंचवीस मेच्या सकाळी उडालं. उडालं म्हणजे काय, तारेवरून कुंपणात धपकन गेलं. तिथून तासाभरानं कढीपत्त्यावर. नर-मादी दोघं ओरडून ओरडून त्याला वाट दाखवत होते. माझा त्या वेळी कॉल होता. मी म्हटलं, "पाच मिनिटं, घरी इमर्जन्सी आहे." या वेळी माइक बंद करून मग ओरडले.

तुमच्या बाल्कनीत

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठला आलाय आजीचा बंगला? नकोच. कोथरूड, हिंजवडी, ठाणे, कुठेही शिंजीर येऊ शकतो. त्याला लागतं थोडंच. एक कुंडी हमेलियाची किंवा जास्वंदीची. जागा आणि माती असेल तर धायटी, मुरूडशेंग, पांगारा ही आपल्या मातीतली झाडं उत्तम. केळफूल तर त्यांचं आवडतं. कीटकनाशकं फवारू नका, नाहीतर पिल्लांचं जेवणच जातं. जाळी दिसली की लगेच झाडू उगारू नका, तो त्यांचा सिमेंट आहे. आरशाशी भांडत असेल तर आरसा झाका. घरटं दिसलं तर लांबून बघा आणि फोटोपुरतं एकही पान तोडू नका. हे शेवटचं मी अनुभवानं सांगतेय. आणि फीडर? माझा आहे एक, वापरलेला, हवा असेल तर घेऊन जा.

नावांसाठी मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' जवळ ठेवा. चितमपल्लींचा जन्मदिवस पाच नोव्हेंबर आणि सालिम अलींचा बारा नोव्हेंबर. या दोन तारखांच्या मधला आठवडा महाराष्ट्रात २०२० पासून 'पक्षी सप्ताह' म्हणून साजरा होतो. चितमपल्ली २०२५ मध्ये गेले, त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. आपल्या पक्ष्यांना आपल्या नावानं हाक मारता यावी म्हणून त्यांनी आयुष्य वेचलं, आणि मी सात लोकांसमोर 'हमिंगबर्ड' ओरडले होते.

बागेचं काय झालं? पुढच्या बाजूला लॉन झालं, पाम लागले, बोगनवेल गेली. मागचं हमेलियाचं कुंपण अर्धं उरलं. पार्किंग दोनऐवजी एका गाडीचं. तार तिथंच आहे. मामानं हे पक्ष्यासाठी केलं की आजीसाठी, मी विचारलं नाही.

गेल्या रविवारी त्याचा फोन आला. आउटहाउसची जाहिरात ऑनलाइन टाकायची होती, मजकूर मी तपासावा म्हणून. पहिलंच वाक्य होतं, 'हमिंगबर्डच्या सान्निध्यात सकाळचा चहा'.

"मामा," मी म्हटलं, "हमिंगबर्ड नाही रे, शिंजीर."

"शिंजीर लिहिलं तर मुंबईचा माणूस बुकिंग करेल का?"

"करून तर बघ."

त्यानं जरा वेळ विचार केला. "ऱ्हस्व का दीर्घ?"

"पहिली ऱ्हस्व, दुसरी दीर्घ."

जाहिरात लागलीये. अजून एकही बुकिंग आलेलं नाही. पण दोघांनी फोन करून विचारलंय म्हणे, "शिंजीर म्हणजे काय हो?" आणि फोन आजीनं उचलला होता. पहिल्याशी ती वीस मिनिटं बोलली.